श्रेयांकांचा जमाखर्च

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं अमेरिकेहून त्यांची नात आली होती. चहापाणी झाल्यावर आजोबांनीं आम्हांस मुद्दाम थांबवून घेतलें व म्हणाले, "हिची हकीकत ऐकाच, आणि जमल्यास चार लोकांच्या कानांवर घाला." ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुलगी जन्मली व वाढली कॅलिफोर्नियांत. आईवडील दोघेही इंजिनियर, थोरला भाऊ वैद्यकाच्या मार्गावर. अशा घरांतील मुलीनें 'मी क्रिमिनल जस्टिस घेणार' असें म्हणतांच जी शांतता पसरते, ती आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. हा विषय म्हणजे वकिली नव्हे. पोलीस, न्यायालयें व तुरुंग यांचा कारभार कसा चालतो, गुन्हा कां घडतो, सुटलेल्या कैद्याचें पुढें काय होतें, याचा त्यांत अभ्यास असतो. बर्कलेचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या खटपटीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं या शिक्षणाचा तेथें पाया पडला; आणि १९६७ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं नेमलेल्या आयोगानें पोलिसांनीं पदवीधर असावें हें ध्येय पुढें ठेवल्यावर असे वर्ग देशभर निघाले. मुलीस मात्र पोलिसांत जावयाचें नव्हतें. शिक्षा स्थगित झालेल्या तरुण गुन्हेगारांवर देखरेख करून त्यांस मार्गाला लावणारा प्रोबेशन अधिकारी व्हावें, अशी तिची इच्छा होती. वडिलांनीं होकार दिला, पण तो तोंडदेखला.

अमेरिकेंत पदवीला साधारणतः १२० श्रेयांक लागतात. आठवड्यास एक तास याप्रमाणें सत्रभर चालणारा वर्ग म्हणजे ढोबळ मानानें एक श्रेयांक. पहिले ६० स्वस्त अशा कम्युनिटी कॉलेजांत मिळवावे व मग विद्यापीठांत जावें, ही तेथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांची रूढ वाट. मुलीनें दोन वर्षांत ६४ मिळविले. पुढें दुसऱ्या राज्यांतील एका विद्यापीठांत तिला प्रवेश मिळाला. आत्याचें घर जवळ होतें, म्हणून तेंच ठरलें. विद्यापीठाचें पत्र आलें कीं, आपले सर्व ६४ श्रेयांक स्वीकारले आहेत. घरांत पेढे वाटले गेले.

तीन आठवड्यांनीं दुसरा कागद आला. पदवीच्या हिशेबांत ६४ पैकीं ४३ च धरले होते.

येथें वाचक विचारतील कीं, स्वीकारले म्हणजे धरलेच कीं! तसें नाहीं, आणि साऱ्या प्रकरणाची मेख हीच आहे. श्रेयांक स्वीकारणें म्हणजे ते वहींत टिपणें. ते पदवीच्या आवश्यक विषयांत जमा होतात कीं नुसते ऐच्छिक म्हणून पडून राहतात, हा निर्णय निराळा, व तो बहुधा त्या त्या विभागाचा. आमच्या मंडळींनीं हें ऐकून म्हटलें, "म्हणजे आहेराचें भांडें ठेवून घेतलें, पण स्वयंपाकाला काढलें नाहीं!" याहून नेमकें आम्हांस सांगतां आलें नसतें.

वगळलेले विषय सात. गुन्हेगारीशास्त्र हा विषय तिनें पहिल्या वर्षीं घेतला होता, तर नव्या विद्यापीठांत तो तिसऱ्या वर्षाचा. खालच्या वर्गांतला अभ्यास वरच्या जागीं चालेना. फौजदारी कायद्याचा वर्ग कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेवर बेतलेला, म्हणून परराज्यांत त्याची किंमत उतरली. पोलीस अहवाल-लेखन हा विषय तर 'धंदेशिक्षण' म्हणून बाजूला पडला. उरलेले ७७ श्रेयांक म्हणजे दोन वर्षांच्या जागीं अडीच वर्षांहून अधिक काळ, आणि तेवढें कर्ज. वडील म्हणाले, "मी सांगत होतों." मुलीनें अभ्यासच सोडावयाचें मनांत आणलें होतें, असें ती आम्हांस अगदीं सहज सुरांत सांगून गेली, आजोबा मात्र त्या वेळीं खिडकीबाहेर पाहत होते.

हें दुर्दैव तिच्या एकटीचें नव्हे. अमेरिकन सरकारच्या हिशेब-तपासणी कचेरीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, २००४ ते २००९ या काळांत कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वायां गेले, असा अंदाज दिला आहे.

तिला तारलें तें आजीनें. त्या वर्षीं आजी तिकडेच राहावयास होती, आणि कागद टाकणें हें तिच्या स्वभावांतच नाहीं. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, त्यांतील पुस्तकांची यादी, आठवडेवारी, सारें तिनें जुन्या साडीच्या फडक्यांत बांधून ठेवलें होतें. ते कागद जोडून मुलीनें विषयवार फेरविचाराचे अर्ज केले. तीन विषय, म्हणजे नऊ श्रेयांक, परत मिळाले. आतां चार सत्रें व एक उन्हाळा इतकें काम उरलें.

कॅलिफोर्नियांत २०१० च्या कायद्यानें कम्युनिटी कॉलेजांत एक खास पदवी सुरू झाली आहे. ती घेऊन त्याच राज्याच्या स्टेट युनिव्हर्सिटींत सजातीय विषयाला गेल्यास पुढील ६० श्रेयांकांत पदवी पुरी होण्याची हमी असते. ही हमी राज्याच्या वेशीबाहेर चालत नाहीं, हें त्यांच्या घरांत कोणीं विचारलेंच नव्हतें. प्रवेश घेण्यापूर्वीं विषयवार जमाखर्च लेखी मागावा. वर्षाचीं तीन सत्रें करणाऱ्या कॉलेजांतले श्रेयांक दोन-तृतीयांश धरले जातात, हेंही ध्यानांत असावें. आपल्याकडेही २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांन्वये श्रेयांकांची पेढी निघाली आहे. तेव्हां ज्यांचीं मुलें येथेंच शिकतात, त्यांनींही अभ्यासक्रमाचे कागद रद्दींत घालण्याची घाई करूं नये.

उरलेल्या चार विषयांपैकीं फौजदारी कायद्याचा अर्ज मुलीनें पुन्हां केला आहे, आणि या खेपेस त्याचा मसुदा वडिलांनीं बसून लिहून दिला. निकाल कळल्यास पुढील अंकीं देऊं.