जुनापाणीचे दगड हलवूं नयेत

नागपुराहून काटोलच्या वाटेनें जातां जुनापाणी लागतें. तेथील माळावर काळ्या दगडांचीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. गेल्या माघांत तीं पाहून आलों. वर्तुळाच्या आंत गोट्या-मातीचा उंचवटा असतो. तीं लोहयुगांतील थडगीं होत. रिव्हेट-कार्नाक यांनीं व पुढें १९६१ सालीं बी. के. थापर यांनीं येथें उत्खनन केलें. विदर्भांतील अशा थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व घोड्यांचीं हाडें सांपडलीं. नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टीही निघाली.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत, हद्दीच्या निशाण्या तपासण्यांत गेली. वीतभर बांध सरकला तर भाऊ भावावर फिर्याद करतो. परंतु बांधकामास दगड हवा झाला, कीं अशीं वर्तुळें मोडावयास कोणी कचरत नाहीं. कारण येथें फिर्याद करणारा वारस उरलेला नाहीं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीं याच भूमींत लोखंडाचें हत्यार चालविणाऱ्यांचे वारस, हत्यार चालवून पोट भरणाऱ्या आपणांवांचून दुसरे कोण? तरी शेतकरी बंधूंनीं अशा ठिकाणीं औत कासराभर दूर वळवावें आणि दगड जागचा हलवूं नये, एवढीच विनंती.