लोकप्रियता घसरली की बहीण आठवते



२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या गटाची एकही बैठक झाली नाही. अशी खाडी पूर्वी फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत पडायची. या वेळी कारण वेगळे होते. सगळ्याजणी फॉर्म भरत होत्या. आपापला भरून झाला की शेजारणीचा, मग सासूचा, मग वस्तीतल्या साऱ्यांचा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारला जोडलेले बँक खाते. तहसीलसमोरच्या रांगेत बायका पावसात छत्री धरून उभ्या होत्या, आणि मी त्यांना कोणता कागद कुठे लावायचा ते सांगत होते. महिनाभर मी दुसरे काहीही केले नाही. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

त्याआधी काय घडले होते ते आठवा. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले. महाराष्ट्रात ४८ पैकी १७ जागा सत्ताधारी महायुतीला मिळाल्या. आपला यवतमाळ जिल्हा तीन मतदारसंघांत वाटलेला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपुरात जातात, उमरखेड हिंगोलीत जाते, बाकीचे तालुके यवतमाळ-वाशीममध्ये. तिन्ही ठिकाणी सत्ताधारी पडले. पंतप्रधान २८ फेब्रुवारीला यवतमाळजवळ भारी येथे येऊन गेले होते, तेही बचत गटांच्या महिलांच्या मेळाव्याला. महाराष्ट्रभरातल्या साडेपाच लाख गटांसाठी ८२५ कोटींचा फिरता निधी तिथून वाटला गेला. दहा वर्षांपूर्वी, २० मार्च २०१४ ला, आर्णी तालुक्यातल्या दाभडीला ते शेतकऱ्यांशी चहावर चर्चा करायला आले होते. तेव्हा खर्चावर पन्नास टक्के नफ्याची गोष्ट निघाली होती. दाभडीच्या बायकांनी तो चहा किती वेळा आठवला असेल, ते कापूस आणि सोयाबीन विकायला नेणाऱ्या कुणालाही विचारा.

त्याच निवडणुकीत आणखी एक गंमत झाली. पाच वेळा निवडून आलेल्या भावना गवळींची उमेदवारी ऐनवेळी काढली, आणि हिंगोलीत ज्या खासदाराची उमेदवारी कापली त्यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना यवतमाळ-वाशीममध्ये उभे केले. पुरुषांच्या गणितात बाई अशी इकडून तिकडे सरकवली जाते. त्या पडल्या. असो.

निकालानंतर चोवीस दिवसांनी, २८ जूनला, राज्याच्या अर्थसंकल्पात माझी लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये. मध्य प्रदेशात २०२३ साली अशीच योजना निवडणुकीच्या आधी आली होती आणि तिथे सत्ता टिकली होती, हे सर्वांनाच माहीत होते. सुरुवातीला पाच एकर जमिनीची अट होती. ओरड होताच काही दिवसांत ती गेली. वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली. एरवी एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी आपण तीन-तीन वर्षे निवेदने देतो. इथे आठवड्याभरात नियम बदलत होते. घसरलेली लोकप्रियता सरकारला किती चपळ करते, ते त्या आठवड्यात मी पाहिले.

अमेरिकेत अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर संसदेची निवडणूक येते, आणि बहुतेक वेळा अध्यक्षाच्या पक्षाला तिथे फटका बसतो. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या लाखो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. २०१८ च्या मध्यावधीत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृह गमावले आणि शंभराहून जास्त स्त्रिया त्या सभागृहात निवडून आल्या. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या स्त्रिया घसरण होण्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. घसरण झाली तेव्हा त्यांच्या हातात मागण्यांची यादी होती आणि उमेदवारही होत्या.

आपल्याकडे जून ते नोव्हेंबर २०२४ हे पाच महिने तसेच होते. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. महायुतीला २८८ पैकी २३० जागा. आपल्या जिल्ह्यातल्या सातपैकी पाच त्यांच्याकडे गेल्या. फक्त वणी आणि यवतमाळ विरोधकांकडे राहिल्या. लगेच शहरातले शहाणे लोक म्हणू लागले, बायकांनी दीड हजारात मते विकली. हे ऐकून माझे डोके तापते. २००८ साली देशभर शेतकऱ्यांचे कर्ज माफ झाले, पुढच्या वर्षी तेच सरकार पुन्हा सत्तेवर आले. तेव्हा पुरुषांनी मते विकली असे कुणी म्हटले नाही. सातबारा नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावाचा, म्हणून ती माफीही बायकांच्या नावावर फारशी आलीच नाही. ज्या बाईच्या हातात महिनाअखेरीला कुणाकडे न मागता पैसा आलेला नाही, तिच्यासाठी १५०० रुपये म्हणजे काय, ते मी रांगेत पाहिले आहे. एकीने मला विचारले, "बाई, हे पैसे मालकाच्या खात्यात तर नाई जाईन ना?" तिच्या सगळ्या अर्जात तिला तेवढेच जाणून घ्यायचे होते.

माझा राग आहे तो आपल्यावर, म्हणजे संघटनांवर. आपण त्या पाच महिन्यांत योजनेच्या खिडकीतल्या कारकून झालो. अंगणवाडी सेविकांचे तर पाहाच. त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत ५२ दिवस संपावर होत्या, आणि उन्हाळा संपताच एका पात्र अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर त्याच सरकारचे फॉर्म भरत होत्या. पैसे स्वीकारणे आणि मागण्या मांडणे यांत विरोध नव्हता. दोन्ही एकाच रांगेत करता आले असते. आम्ही एकच केले.

आणि योजनेत कोण राहून गेले? दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ही मिळत नाही. म्हणजे संजय गांधी निराधार योजनेवर जगणारी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा बाहेर. तिला जे आधी होते तेवढेच. ज्या जिल्ह्याचे नाव या आत्महत्यांमुळे देशाला कळले, तिथे हा मुद्दा एकाही सभेत माझ्या कानावर आला नाही. पुढे २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागू लागली. परित्यक्तेने तो कुठून आणावा? ओरड झाल्यावर वेगळी सोय केली गेली. प्रचारात कबूल केलेले २१०० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत, आणि पडताळणीत लाखो नावांचे हप्ते थांबले. लोकप्रियता सावरली होती ना!

विधवांचा प्रश्न मांडणारे कुणी नव्हते असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, आणि त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्याही राहिल्या. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने मागणीपत्र स्वतःच्या नावाने मतपेटीपर्यंत नेले. आपण किती गावांत त्यांच्यासाठी फिरलो? मी दोन.

दारूचेही तसेच. वर्धा कोरडे, गडचिरोली १९९३ पासून कोरडे, चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. यवतमाळच्या बायका किती वर्षे मागत आहेत. सरकारने दिलेला मार्ग आडव्या बाटलीचा: गावातल्या यादीवरच्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बंदीला मत दिले पाहिजे. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या विरोधात धरल्या जातात. आमदाराला मात्र झालेल्या मतांतली दुसऱ्यापेक्षा एक जास्त पुरते. जुलै २०२४ मध्ये, नियम आठवड्याला बदलत होते तेव्हा, हा नियम बदला असे कुणी ठणकावून सांगितले असते तर? आम्ही सांगितले नाही.

खरे तर आपली मध्यावधी म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. २०११ पासून तिथे निम्म्या जागा आपल्या. पण आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. ज्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांची घसरण गावागावात मोजली गेली असती, तीच झाली नाही. अर्ध्या सदस्या घरी बसल्या आणि आपण एक मोर्चा काढला नाही. कारण त्या बायकांना आपण आपल्या मानत नव्हतो, 'सरपंचपती'वाल्या म्हणून हसत होतो.

आमच्या गटाने आता तीन मागण्या कागदावर उतरवल्या आहेत. निराधार योजनेवरच्या विधवेला दोन्ही लाभ द्या. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा. बाटलीच्या मतदानात झालेल्या मतांचे बहुमत धरा. पुढच्या कोणत्याही निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याच्या हातात हा कागद द्यायचा आणि त्यावर सही घ्यायची. तुमच्या तालुक्यातून चौथी, पाचवी मागणी असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. पुढची बैठक वेचणीच्या आधी ठेवली आहे, फॉर्म असोत की नसोत.