‘नस’ कापण्याआधी

मनगटाची ‘नस कापू’ असे डॉक्टर म्हणाले की रुग्ण आधी हात मागे घेतो. त्याला दोष कसा द्यावा? आपल्या बोलण्यात रक्तवाहिनीही नस आणि मेंदूपर्यंत वेदना पोहोचवणारा मज्जातंतूही नसच. नस कापली की हात लुळा पडतो, ही भीती वेगळीच.

मनगटाचे जुनाट दुखणे अनेकदा हात टेकून पडण्यातून सुरू होते. स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडते आणि पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. ‘मुरगळले असेल’ म्हणून आंबेहळदीचा लेप लावायचा, पट्टी बांधायची आणि कामाला लागायचे. हाड जुळत नाही, काही वर्षांत सांधा झिजतो. मग बादली उचलताना, पोळी लाटताना, दुचाकीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना कळ येते.

पट्टा, गोळ्या, इंजेक्शने थकली की हाडे जोडून सांधा कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळू शकतो. दुखणे बहुधा थांबते, पण मनगट पुन्हा वाकत नाही. जर्मन शल्यविशारद आल्ब्रेख्ट विल्हेल्म यांनी १९६६ मध्ये वेगळी वाट मांडली. सांध्याला हात न लावता त्याची वेदना वाहून नेणाऱ्या शाखाच कापायच्या. त्यांच्या पद्धतीत बऱ्याच शाखा कापाव्या लागत. आता पुष्कळदा दोनच कापतात, त्याही मनगटाच्या थोड्या वर, मागच्या बाजूच्या एकाच छेदातून. बोटे हलवणारे तंतू त्याआधीच फुटून गेलेले असतात. त्यामुळे बोटांची ताकद जात नाही.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची आहे. त्या शाखांजवळ भूल देणारे इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णाला नेमके दुखणारे काम करायला सांगायचे. आराम पडला म्हणून शस्त्रक्रियेची खात्री मिळत नाही, पण काहीच फरक पडला नाही तर चाकू उचलण्याची घाई कशाला? ही चाचणी न करताच तारीख देणाऱ्या डॉक्टरांना कारण जरूर विचारावे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. वेदना कमी होते, झीज थांबत नाही. काहींचे दुखणे पुन्हा डोके वर काढते. तेव्हा सांधा बंद करण्याचा मार्ग मोकळाच असतो. बंद केलेला सांधा मात्र पूर्ववत करता येत नाही.