रात्र कोणाच्या मालकीची?

गेल्या मार्चमध्ये आमच्या भागातील एका साहित्यसभेत एका नामवंत वक्त्यांनी मराठी संस्कृतीच्या ऱ्हासाची कारणे सांगितली. पहिले इंग्रजी शाळा, दुसरे मोबाइल आणि तिसरे, वाचकहो, रस्त्यावरची चायनीजची गाडी! सभागृहात टाळ्या पडल्या. मी मास्तर माणूस. भाषण संपले की टाळ्या वाजवायच्या ही हाताची सवय. मीही वाजवल्या. त्याची लाज वाटते, म्हणून हा लेख.

सभा संपली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. वक्ते संयोजकांच्या मोटारीतून जेवायला गेले. आम्ही चौघे मित्र लालबागच्या आमच्या गाडीवर गेलो. गेली वीस वर्षे जातो तसेच. एक लोकलचा गार्ड, एक इस्पितळातला वॉर्डबॉय, एक वर्तमानपत्राच्या छापखान्यातला, आणि चौथा मी. दोन प्लेट ट्रिपल राइस आणि एक चायनीज भेळ चौघांत पुरते. नेपाळहून आलेला आचारी मोठ्या आचेवर कढई उडवीत असतो, आम्ही प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतो. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांची प्रकरणे मी प्रथम तिथेच वाचून दाखवली. एकीचा शेवट गार्डाने बदलायला लावला, आणि त्याचेच बरोबर होते. असे ऐकणारे मला कोणत्याही साहित्यसभेत भेटलेले नाहीत.

आता आरोप पाहू. म्हणे, हे अन्न परके! मांचुरियन हा पदार्थ मांचुरियात शोधून सापडायचा नाही. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात, कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी हिरवी मिरची, आले आणि लसूण परतून त्यात सोया सॉस घातला, असा त्याचा जन्म सांगतात. म्हणजे तो चर्चगेटचा रहिवासी! उलट आपली एकादशीची साबुदाण्याची खिचडी पाहा. आज आपण खातो तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा, चारही मूळचे अमेरिका खंडातले. ती खाऊन उपवास मोडत नाही, आणि कोबीच्या गोळ्याने संस्कृती मोडते? वक्त्यांनी भाषणाच्या मध्यंतरात दोन कप घेतले, त्या चहाचे नावसुद्धा चिनी भाषेतून आलेले आहे.

दुसरा आरोप घाणीचा. हा मी अर्धा मान्य करतो. तेल काळे असते, लाल रंग नको इतका असतो, बशा एकाच बादलीत बुचकळतात. पण बादली एकच का? कारण गाडीला नळ नाही. नळ नाही, कारण परवाना नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रे द्या, आणि ते होईपर्यंत कोणाला उठवू नका. प्रत्यक्षात महापालिकेची गाडी येते, शेगडी आणि सिलिंडर उचलून नेते, आणि चार दिवसांनी तोच माणूस कर्ज काढून नवी शेगडी आणतो. त्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्याने रोज नवे तेल कोठून आणावे?

खरा मुद्दा निराळाच आहे. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मुंबईची रात्र खुली केली. कोणासाठी? मॉलसाठी आणि गिरण्यांच्या आवारांतील हॉटेलांसाठी! माझे वडील त्यांच्या गिरणीत तिसरी पाळी करीत. १९८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे. आज त्या जागी मॉल उभा आहे. म्हणजे ज्यांनी या शहराची रात्र राबून जागवली त्यांची जागा गेली, आणि आता त्याच जागेत रात्र विकली जाते. तिथे एका कॉफीला जे पैसे पडतात त्यात आम्हा चौघांचे जेवण होते.

त्याच वर्षी टाळेबंदीत गाडी बंद होती. आमचा वॉर्डबॉय मित्र पाळी संपवून घरी येई आणि बिस्किटाचा पुडा पाण्याबरोबर खाऊन झोपे. दिवसा त्याच्यासाठी सारे शहर थाळ्या वाजवीत होते. मध्यरात्री त्याला भात देणारा एकच माणूस होता, आणि त्याला गावी पळावे लागले होते.

म्हणून मी स्पष्ट सांगतो. गाडीला परवाना द्या, नळ द्या, मग खुशाल तेल तपासा आणि दोषी असेल त्याला दंड करा. मी स्वतः साक्षीला येईन. पण रात्री बाराला भुकेल्या माणसाला संस्कृतीचा शत्रू म्हणू नका. वक्त्यांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. त्यांनी एकदा यावे, स्टूल आम्ही सरकवून देऊ. बिलही आम्हीच भरू. फक्त जेवताना भाषण करू नये. गार्डाला पहाटेची पहिली गाडी सोडायची असते.