आपल्या टापूची खबर आपल्या रेडिओवर

रेडिओवरच्या बातम्या ऐकून तुम्ही वैतागता, ते खोटं नाही. दिल्ली झाली, मुंबई झाली, क्रिकेट झालं की बातम्या संपल्या. मिरकरवाड्यातून आज होडी सोडावी का? परशुराम घाटात दरड आलीय का? ते राहूनच जातं.

तरी रेडिओ माळ्यावर टाकू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात वीज गेली, मोबाइलही बंद पडले, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. सेलवर चालणारा रेडिओ घरात हवाच. वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. आत राहिले तर पाझरतात आणि ऐन वादळात रेडिओ बोलत नाही.

रत्नागिरीत १९७७ पासून आकाशवाणी केंद्र आहे. काय ऐकायला हवं ते त्यांना पत्राने कळवा. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

खासगी एफएमकडून बातम्यांची आशा धरू नका. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. मला हा नियम पटत नाही, पण आज तो आहे.

एक वाट मात्र मोकळी आहे, सामुदायिक रेडिओची. २००६ पासून त्याचा परवाना स्वयंसेवी संस्थांनाही मिळतो. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ असाच उभा राहिला. टापू लहान असतो, दहा-पंधरा किलोमीटरचा. राजकारणाच्या बातम्या इथेही चालत नाहीत. पण हवामान, वीज, पाणी, पूर, साथ, परीक्षा यांची प्रशासनाने दिलेली माहिती सांगता येते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं. माणसं वरच्या मजल्यावर अडकली, फोन लागेनात. पाणी चढतंय की उतरतंय, बोट कुठे पोचलीय, एवढं सांगणारा गावातला आवाज तेव्हा किती मोलाचा ठरला असता!

तेव्हा तुमच्या भागातल्या कॉलेजला किंवा जुन्या, विश्वासाच्या संस्थेला भेटा. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं जुनी लागते. राजकीय पक्षाशी जोडलेली चालत नाही. माइकवर कोण बोलेल ही काळजी करू नका, आपल्या बायका-पोरं छान बोलतात. आधी खर्चाचं ठरवा. वीज गेल्यावर जनरेटरला डिझेल कोण आणणार, तेसुद्धा पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.