तातडीचे मूल्य आणि पारपत्राची रांग

वार्षिक परीक्षा आटोपू लागल्या की पारपत्र सेवा केंद्रांच्या दारात सबंध कुटुंबे दिसू लागतात. वडिलांच्या हाती कागदांची पिशवी, आईच्या कडेवर पेंगुळलेले मूल आणि मागे आजी. पूर्वी अशा कार्यालयांसमोर पहाटेपासून माणसे उभी राहत. आता भेटीची वेळ संगणकावर आधीच मिळते आणि रांग डोळ्यांना दिसत नाही. अर्थात रांग दिसत नाही म्हणून ती नाहीशी झाली असे समजण्याचे कारण नाही. उपलब्ध तारखा पुढे पुढे सरकतात, एवढेच तिचे नवे रूप.

पारपत्र ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे आता निर्विवाद आहे. परदेशगमनाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात 1967 साली दिला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. मनेका गांधी खटल्यातील 1978 च्या निकालाने हा हक्क अधिकच बळकट केला. परंतु न्यायालयाने मान्य केलेला हक्क कुटुंबाच्या हाती वेळेवर पडतो की नाही, हे न्यायमूर्तींवर नव्हे, तर महिन्यांच्या हिशेबावर अवलंबून असते, आणि हा हिशेब आपल्या मध्यमवर्गाला अद्याप नीट जमलेला नाही.

तो उलट्या दिशेने मांडून पाहावा. मे महिन्यात युरोपात जायचे असेल, तर शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासापूर्वी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस अर्ज करावा लागतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पारपत्राची मुदत शिल्लक असावी लागते. इतर अनेक देश तर सहा महिन्यांची अपेक्षा ठेवतात. व्हिसाची गर्दी जमेस धरता पारपत्र जानेवारीपर्यंत हाती हवे. पोलीस तपासणी, एखादा अपुरा कागद, केंद्रावरची दुसरी फेरी यांना अवधी ठेवला, तर अर्ज दिवाळीच्या सुमारास व्हावयास हवा. आपल्याकडे मात्र दिवाळीत फक्त स्थळाची चर्चा होते आणि अर्ज होतो तो होळीनंतर.

कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. प्रौढाचे पारपत्र दहा वर्षांचे. अल्पवयीन मुलाचे पाच वर्षांचे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचे, जे आधी येईल ते. सहा महिन्यांची अट लक्षात घेता मुलाचे पारपत्र व्यवहारात साडेचार वर्षेच उपयोगी पडते. त्यामुळे चार माणसांच्या घरात चौघांच्या मुदती चार निरनिराळ्या साली संपतात आणि तिकिटे काढल्यावर धाकट्याची मुदत सरल्याचे ध्यानात येते. मुलाच्या अर्जाला आईवडील दोघांची संमती लागते. वडील जहाजावर वा आखातात असतील, तर हा एक कागदच कित्येक आठवडे खातो.

परंतु खरी अडचण मुदतीची नसून नावाची आहे. आपल्याकडे जन्माची नोंद बारशाआधी होते आणि नाव पुढे टाकायचे राहून जाते. नावाविना जन्मदाखला कपाटात वर्षानुवर्षे निवांत पडून असतो. नोंदीत नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, म्हणून कोणी घाई करीत नाही. आता मात्र 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरावा, असा नियम 2025 साली झाला आहे. या पिढीच्या पालकांना ती चालढकल महाग पडेल. स्त्रियांची अवस्था याहून बिकट. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, मुलाच्या दाखल्यावर घरात हाक मारतात ते. शिवाय लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलेले नाव वेगळेच! माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला जायचे होते. तिच्या दोन कागदांवरची दोन नावे एका बाईचीच आहेत हे सिद्ध होईपर्यंत नात तीन आठवड्यांची झाली होती. पैसे खर्चण्यास ते गृहस्थ तयार होते. पण पैशाने तो प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

येथेच तत्काळ योजनेची मर्यादा दिसते. साध्या मार्गाने दोन प्रौढ आणि आठ ते पंधरा वयाची दोन मुले यांच्या शुल्काची बेरीज पाच हजार रुपये होते. तत्काळसाठी माणशी दोन हजार अधिक, म्हणजे तेरा हजार. ज्याची निकड मोठी तो अधिक मोल देईल, हा अर्थशास्त्रातला सिद्धांत. प्रत्यक्षात ज्याचे कागद आधीच चोख आहेत त्यालाच ही तातडी विकत मिळते. ज्याच्या कागदांत विसंगती आहे, तो तेरा हजार मोजूनही दारातच उभा राहतो. शिक्षित शहरी कुटुंबाला याचा मनस्ताप होतो. रत्नागिरी जिल्ह्यातून आखातात जाऊ पाहणाऱ्या कामगाराची मात्र नोकरीच जाते.

2017 पासून टपाल कार्यालयांत पारपत्र केंद्रे उघडू लागल्याने जिल्ह्याच्या माणसाची मोठ्या शहराची खेप वाचली, हे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. तथापि मागणी जेथे ठरावीक महिन्यांतच उसळते, तेथे केवळ खिडक्या वाढवून भागत नाही. उरलेल्या महिन्यांत त्या खिडक्या ओस पडतात. आठ वर्षांखालील मुले आणि साठीपुढील वृद्ध यांना 2017 साली शुल्कात दहा टक्के सवलत जाहीर झाली. हेतू स्तुत्य खरा, पण वयाचा गर्दीशी संबंध काय? हीच सवलत जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज करणाऱ्या सर्वांना दिली, तर वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचे पाचशे रुपये वाचतील. पाचशे रुपयांसाठी भर पावसात, छत्री सावरीत केंद्रावर जाणारी कुटुंबे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.