हंगामाच्या मध्यावरची घसरण : दोष आणि कारण

पराभवानंतर आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. ‘चूक कोणाची?’ हा पहिला. त्याचे उत्तर त्याच दिवशी सायंकाळपर्यंत तयार असते. ‘असे का घडले?’ हा दुसरा. त्यासाठी नोंदी तपासाव्या लागतात, तुलना करावी लागते, संयम ठेवावा लागतो. म्हणून तो बहुधा अनुत्तरितच राहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पहिल्या प्रश्नावर थांबता येत नाही. भारतीय पुरुष हॉकी संघाचा २०२४-२५ चा प्रो लीग हंगाम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वर येथे भारताने आठ सामने खेळले. त्यांपैकी पाच जिंकले आणि १५ गुण मिळवले. जून महिन्यात संघ युरोपात गेला. नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टेलवीन आणि बेल्जियममधील अँटवर्प येथे पुन्हा आठ सामने झाले. त्यांपैकी पहिले सात सामने भारत सलग हरला. अखेरच्या दिवशी बेल्जियमवर ४-३ असा विजय मिळाला, तेव्हा हंगामाच्या उत्तरार्धातील पहिले तीन गुण पदरी पडले. एकूण १८ गुणांसह भारत नऊ संघांत आठवा आला. पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्यपदकाला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते.

अशा वेळी जी स्पष्टीकरणे पुढे येतात, ती एकेक करून तपासली पाहिजेत. पहिले स्पष्टीकरण थकव्याचे. भुवनेश्वरचे आठ सामने ११ दिवसांत झाले होते; युरोपातील आठ सामन्यांना १६ दिवस मिळाले. प्रवासाचा आणि परक्या वातावरणाचा ताण नाकारता येत नाही. परंतु केवळ सामन्यांच्या दाटीने संघ कोलमडला असता, तर तो आधी मायदेशी कोलमडला असता.

दुसरे स्पष्टीकरण आक्रमण बोथट झाल्याचे. येथे आकडे नेमके उलट सांगतात. भुवनेश्वरमध्ये भारताने १६ गोल केले, तर युरोपात १८. फरक पडला तो स्वीकारलेल्या गोलांत. मायदेशी आठ सामन्यांत १२ गोल स्वीकारले गेले, युरोपात २६. म्हणजे संघ गोल करायला विसरला नव्हता. केलेल्या गोलांची राखण त्याला जमत नव्हती.

सात पराभवांपैकी सहा केवळ एका गोलाच्या फरकाने झाले. नेदरलँड्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात भारताने आघाडी घेतली होती; साठ मिनिटांच्या त्या सामन्यातील डच संघाचा निर्णायक गोल ५८ व्या मिनिटाला झाला. ‘थोडक्यात हुकले’ असे म्हणून समाधान मानणारे येथे थांबतात. एकदा थोडक्यात हुकले तर त्याला दैव म्हणता येईल. सहा वेळा हुकले तर तो संघाच्या घडणीतला दोष मानला पाहिजे आणि त्यावर उपाय शोधला पाहिजे.

तिसरे स्पष्टीकरण व्यक्तीचे. कर्णधार हरमनप्रीत सिंग बोटाच्या दुखापतीमुळे अर्जेंटिनाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात खेळू शकला नाही. नेतृत्वाची धुरा हार्दिक सिंगने वाहिली. हरमनप्रीत हा बचावाचा आधार आणि पेनल्टी कॉर्नरचे प्रमुख अस्त्रही आहे. त्यामुळे त्याची उणीव दुहेरी होती. पॅरिसनंतर पी. आर. श्रीजेश निवृत्त झाला होता. त्याची जागा कृशन पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा सांभाळत होते. श्रीजेशने अनेक वर्षे केवळ गोल अडवले नाहीत. मागे उभा राहून तो पुढच्या बचावफळीला सतत सूचना देत असे. असा अनुभव निवृत्तीबरोबर निघून जातो आणि तो पुन्हा घडवायला काळ लागतो. या दोघा गोलरक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण अन्यायाचे आहे.

माझ्या मते खरे कारण आणखी मागे आहे. घसरण जूनमध्ये दिसली. तिची बीजे फेब्रुवारीतच होती. भुवनेश्वरमधील १५ गुणांपैकी सहा गुण आयर्लंडवरील दोन विजयांतून आले होते, आणि आयर्लंड हंगामाअखेर तळाला राहिला. स्पेनने पहिल्या सामन्यात भारताला ३-१ असे आणि जर्मनीने ४-१ असे हरवले होते. दोन्ही वेळा भारताने दुसऱ्या सामन्यात चूक सुधारली आणि अनुक्रमे २-० व १-० असे विजय मिळवले. ही सुधारणा कौतुकास्पद होती. परंतु त्या कौतुकात पहिल्या सामन्यांतील सात गोल झाकले गेले. पुढे नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम असे बलाढ्य संघ ओळीने समोर आले, तेव्हा तीच कमतरता उघडी पडली. विजयाच्या काळात चिकित्सा झाली नाही, तर पराभवाच्या काळात ती फार महागात पडते.

अशा वेळी जुन्या सुवर्णयुगाचे दाखले दिले जातात. १९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथेच भारताने हॉकीतील पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. जयपाल सिंग मुंडा यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या त्या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. हा अभिमानाचा इतिहास आहे. पण तो आजच्या खेळाडूंच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवू नये. काळ बदलला, मैदान बदलले, प्रतिस्पर्धी बदलले. इतिहास समजून घेण्यासाठी असतो. तरुणांना खजील करण्यासाठी नव्हे.

याच हंगामात महिला संघ नऊ संघांत शेवटचा आला आणि प्रो लीगमधून खालच्या स्पर्धेत, नेशन्स कपमध्ये, ढकलला गेला. पुरुषांच्या पराभवांइतकी चर्चा त्यांच्या वाट्याला आली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. खाली ढकललेल्या संघाला श्रेष्ठ संघांशी खेळण्याची संधी कमी मिळते, आणि संधी कमी मिळाली की मागे पडणे वाढते. ज्याला शिकण्याची गरज सर्वाधिक, त्याच्याच हातून शिकण्याचे साधन काढून घेणारी ही रचना आहे. तिचा विचार व्हायला हवा.

पुरुष संघाने सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीर येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून २०२६ च्या विश्वचषकात स्थान मिळवले. जूनमध्ये सात सामने हरलेला संघ नालायक नव्हता, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र त्या विजयाने जूनचा प्रश्न सुटला असे मानणे म्हणजे फेब्रुवारीची चूक पुन्हा करणे होय. विश्वचषक त्याच नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे.

पालक आणि माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या मुलांच्या बाबतीतही वर्षाच्या मध्यावर हेच घडते. पहिल्या सत्रात चांगले गुण मिळवणारा मुलगा दुसऱ्या सत्रात मागे पडतो आणि आपण तत्काळ ‘लक्ष नाही’, ‘संगत बिघडली’ असा निकाल देतो. त्याआधी त्याची पहिल्या सत्राची उत्तरपत्रिका काढून पाहावी. कोणता पाया तेव्हाच कच्चा होता, सोप्या प्रश्नांच्या गुणांनी काय झाकले गेले होते, घरचा किंवा शाळेचा कोणता आधार मध्येच सुटला, हे तपासावे. दोष देऊन मूल गप्प होते. कारण शोधले, तर त्याला पुढच्या सत्राची तयारी करता येते.